सीडीएससाठी चष्म्याचा नंबर काठावर आहे: लेझर शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, नुकतीच 20 वर्षे पूर्ण झाली आहेत आणि पदवीनंतर सीडीएस (सैन्यदलांत अधिकारी होण्याची यूपीएससीची परीक्षा) मार्फत आयएमए (देहरादूनची भारतीय सैन्य प्रबोधिनी), ते न जमल्यास ओटीए (चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी), असे ठरवले आहे. लेखी परीक्षेचा अभ्यास व्यवस्थित चालू आहे आणि धावण्याचीही तक्रार नाही. अडचण आहे ती चष्म्याची. उजव्या डोळ्याचा नंबर उणे 2.75 आहे. डाव्याचा उणे 3.00 असून त्याला उणे 0.75 चा सिलिंडर नंबरही (एकाच अक्षावरचा जादा नंबर) आहे. गेल्या दीड वर्षात यात फरक पडलेला नाही आणि चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येते.

जाहिरातीत उणे 3.50 पर्यंतचा नंबर चालतो असे लिहिले आहे आणि माझे दोन्ही आकडे त्याच्या आत आहेत, म्हणून मी निश्चिंत होतो. मात्र मी जेथे मार्गदर्शनासाठी जातो तेथील सरांचे म्हणणे असे की चष्म्यासह मेडिकलला जाणे म्हणजे धोका पत्करणे, त्यापेक्षा आत्ताच लेझर करून घ्यावे. एका नेत्रकेंद्रात चौकशी केली तेव्हा तेथील समुपदेशकाने मी सैन्यात जाणार आहे हे ऐकल्यावरही एवढेच सांगितले की आठवड्याभरात मोकळे व्हाल. वर्गातील एका मित्राचा सल्ला वेगळाच आहे: शस्त्रक्रिया करावी, पण मेडिकलच्या वेळी ती झाल्याचे सांगू नये, कारण नंतर कोणाला काही कळत नाही. वडिलांनी पैसे बाजूला काढून ठेवले आहेत, तरी त्यांचा आग्रह आहे की जाणकारांना विचारल्याशिवाय डोळ्याला हात लावू द्यायचा नाही. शस्त्रक्रियेची मला खरोखर गरज आहे का, असल्यास कोणती आणि कधी करावी, आणि त्याने विमानदलाचा मार्गही खुला होईल का, हे कृपया सांगावे.

नेत्रचिकित्सक (मिरज)

उत्तराआधी तुमचा हिशेब दुरुस्त करावा लागेल. पदवीनंतरच्या प्रवेशांसाठी, म्हणजे आयएमए आणि ओटीएसाठी, भूदलाच्या निकषांत चष्म्याविना 6/60 (निरोगी डोळा 60 मीटरवरून वाचतो ते अक्षर 6 मीटरवरून वाचता येणे), चष्म्यासह दोन्ही डोळ्यांना 6/6 आणि उणे नंबर 3.50 पर्यंत अशी मर्यादा आहे. परंतु ही 3.50 ची मर्यादा सिलिंडर धरून आहे, आणि शिवाय सिलिंडर 2.00 पेक्षा अधिक चालत नाही. तुमच्या डाव्या डोळ्यात एका अक्षावर 3.00 आणि त्याला काटकोनात असलेल्या अक्षावर 3.75 इतका नंबर आहे. कागदावर पाहिले तर उजवा डोळा मर्यादेच्या आत आणि डावा पाव नंबराने बाहेर आहे. चष्म्याच्या चिठ्ठीवरील पहिलाच रकाना वाचून निश्चिंत होणारे, किंवा उलट हताश होणारे, विद्यार्थी माझ्याकडे नेहमी येतात.

मात्र या पाव नंबरासाठी लेझरकडे धावण्याआधी एक साधी तपासणी करून घ्यावी. विशी-एकविशीतील डोळ्याचा आतला स्नायू फार जोमदार असतो. दिवसभर पुस्तक आणि मोबाइल जवळ धरून तो आखडलेला असेल तर संगणकी यंत्रावर उणे नंबर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, आणि चष्म्याच्या दुकानात घाईने काढलेल्या नंबरात तर हे सर्रास घडते. सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिनचे थेंब घालून तो स्नायू सैल केल्यानंतर जो नंबर मिळतो तो खरा. त्या दिवशी जवळचे धूसर दिसेल आणि ऊन टोचेल, म्हणून दुचाकी घेऊन जाऊ नये व सोबत कोणाला तरी न्यावे. थेंबांनंतर तुमचा डावा डोळा 3.50 च्या आत आला तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच मिटतो, कारण भूदलात चष्म्यासह निवड होणे हा अपवाद नव्हे, तर नियमानेच दिलेला मार्ग आहे.

आता शस्त्रक्रियेविषयी. पदवी प्रवेशाच्या उमेदवाराला लेझर किंवा तत्सम प्रक्रियेची मुभा आहे, पण तिला अटी आहेत आणि त्यांतील प्रत्येक अट तपासली जाते. शस्त्रक्रियेच्या दिवशी वय 20 च्या पुढे असावे. त्यानंतर किमान 12 महिने उलटलेले असावेत. शस्त्रक्रियेनंतर कॉर्निआची, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पटलाची, मध्यभागातील जाडी 450 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) किंवा अधिक असावी, डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी 26 मिलिमीटरच्या आत असावी, उरलेला नंबर एकच्या पुढे नसावा आणि पडदा, म्हणजे रेटिना, निरोगी असावा. याशिवाय कॉर्निआच्या वक्रतेचा नकाशा काढून कॉर्निआ पुढे फुगण्याची चिन्हे आहेत का, हेही पाहिले जाऊ शकते.

यांतील 450 मायक्रॉनच्या अटीकडे तुम्ही सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण समुपदेशक तिच्याविषयी सहसा काहीच बोलत नाहीत. लेझर उणे नंबर घालवतो तो कॉर्निआचा मध्यभाग झिजवून. एका नंबरासाठी किती थर जाणार हे उपचाराच्या वर्तुळाच्या व्यासावर अवलंबून असते. व्यासाच्या वर्गाला नंबराने गुणून तीनने भागले की मायक्रॉनमध्ये ढोबळ उत्तर मिळते. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात एका नंबरामागे सुमारे 14 मायक्रॉन जातात, म्हणजे साडेतीन नंबरासाठी सुमारे 50. ज्याचा कॉर्निआ मुळात 530 मायक्रॉनचा आहे त्याचा 480 उरतो आणि तो निर्धास्त असतो. ज्याचा मुळात 490 आहे त्याचा 440 उरतो. नागरी दृष्टीने ही शस्त्रक्रिया यशस्वीच म्हणायची, कारण आम्ही मुख्यतः (लॅसिकमध्ये उचललेल्या वरच्या थराच्या) झडपेखाली 250 ते 300 मायक्रॉनचा थर शिल्लक राहतो की नाही हे पाहतो. पण सैन्यदलाच्या मेडिकलमध्ये तोच उमेदवार अपात्र ठरतो, आणि गेलेला थर कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनला एकच प्रश्न विचारावा: माझी जाडी आज किती आहे आणि नंतर किती उरेल?

लांबीच्या अटीमागचा विचारही समजून घेण्यासारखा आहे. उणे नंबरचा डोळा बहुधा लांब असतो; सर्वसाधारण डोळा साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास असतो आणि प्रत्येक जादा मिलिमीटरामागे अडीच ते तीन नंबर वाढतो. लेझरने नंबर शून्यावर आला तरी डोळा तितकाच लांब राहतो आणि ताणलेला पडदाही तसाच राहतो, त्यामुळे पडद्याला भोक पडण्याचा किंवा तो सुटण्याचा जो धोका मोठ्या नंबराच्या माणसाला असतो, तो चष्मा गेल्यावरही कायम असतो. परीक्षकाला चष्मा दिसतो की नाही यात रस नाही. तो ही लांबी मोजतो आणि पडदा पाहतो.

कोणती शस्त्रक्रिया, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. लॅसिकमध्ये कॉर्निआचा वरचा थर झडपेसारखा उचलून आत लेझर मारतात. दुसऱ्या दिवशी लख्ख दिसते, परंतु ती झडप मध्यभागी पूर्वीइतकी घट्ट कधीच चिकटत नाही आणि जोराच्या माराने ती वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. पीआरकेमध्ये झडप नसते. केवळ पृष्ठभागावरची त्वचा काढून लेझर मारतात, त्यामुळे पहिले काही दिवस चांगलेच दुखते, दृष्टी स्थिरावायला आठवडे लागतात आणि औषधाचे थेंब दीर्घकाळ घालावे लागतात, पण बॉक्सिंग, अडथळ्यांची शर्यत आणि पुढील आयुष्यभराचे धक्के पाहता सैनिकासाठी मी तीच अधिक योग्य मानतो. स्माइलमध्ये लहान छेदातून आतली चकती काढतात, झडप तेथेही नसते. डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा प्रकार या चर्चेत आणू नये, कारण नियमातील मुभा कॉर्निआवरील प्रक्रियांपुरतीच आहे. आणि पूर्वी चाकूने कॉर्निआवर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देऊन नंबर कमी करत असत, ती रेडियल केराटॉटॉमी झालेला उमेदवार कायमचा अपात्र असतो. 1996 साली एव्हरेस्टवर बेक वेदर्स या अमेरिकन गिर्यारोहकाची दृष्टी वर चढताना अंधुक होत गेली, त्याचे कारण हीच शस्त्रक्रिया होती. विरळ हवेत प्राणवायू कमी पडला की असे छेद दिलेला कॉर्निआ आकार बदलतो. ज्या सैन्याच्या चौक्या सियाचिनवर 18,000 फुटांच्या आसपास आहेत, त्याने या बाबतीत हटवादी असणेच बरे.

विमानदलाविषयी थोडक्यात. वैमानिक शाखेत प्रत्यक्ष उणे नंबर चालतच नाही. पदवीनंतरच्या प्रवेशांत पीआरके किंवा लॅसिक झालेल्यांचा विचार होतो, पण तेथे लांबीची मर्यादा 25.5 मिलिमीटर, म्हणजे भूदलापेक्षा कडक आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर 6 च्या वर असल्यास उमेदवार बाद होतो. नौदलातही पाणबुडी, पाणबुडे आणि मार्कोस (नौदलाचे कमांडो) या शाखा अशा उमेदवारांसाठी बंद आहेत.

ओटीए_माजी_कॅडेट (पुणे)

डॉक्टरसाहेबांनी वैद्यकीय बाजू मांडली आहे. मी त्या मेडिकलमधून शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांनिशी गेलो आहे, म्हणून कागदपत्रांची बाजू सांगतो. माझा नंबर उणे साडेचारच्या पुढे होता, त्यामुळे तुमच्यासारखा पर्याय मला नव्हता.

तुमच्या मित्राचा सल्ला सर्वप्रथम मनातून काढून टाकावा. एसएसबीमध्ये (लेखी परीक्षेनंतरची अधिकारी निवड मंडळाची मुलाखत) शिफारस झाली की उमेदवारांना पाठोपाठ लष्करी रुग्णालयात विशेष वैद्यकीय मंडळापुढे उभे केले जाते आणि तेथे डोळ्यांच्या विभागात केवळ तक्ता वाचून घेऊन सोडत नाहीत. स्लिट लँपखाली (डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्राखाली) लॅसिकच्या झडपेची कड दिसते. वक्रतेच्या नकाशात मध्यभाग सपाट झालेला दिसतो, तो पीआरके आणि स्माइलनंतरही लपत नाही. लांबी 25 मिलिमीटर आणि नंबर शून्य अशी जोडी समोर आली की कोणताही नेत्रतज्ज्ञ पुढचा प्रश्न विचारणारच. शस्त्रक्रिया झालेली आहे पण तिचा कागद नाही, अशा उमेदवाराला कागदपत्रांविना दृष्टी सुधारणारी प्रक्रिया केल्याच्या स्पष्ट शेऱ्यासह अपात्र ठरवावे, असे नियमातच लिहिले आहे. म्हणजे सर्व मोजमापे मर्यादेत असूनही केवळ लपवल्यामुळे घरी जावे लागते. सांगून जाणाऱ्याची मोजमापे तपासली जातात, यापलीकडे त्याला काही होत नाही.

त्यामुळे शस्त्रक्रिया करावीच लागली तर त्याच दिवशी रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्यावी. तिच्यात तारीख आणि शस्त्रक्रियेचा प्रकार स्पष्ट हवा; शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, जाडी आणि वक्रतेचे नकाशेही जोडून घेतले तर उत्तम. माझ्या बाबतीत ज्या केंद्रात शस्त्रक्रिया झाली त्याने सुरुवातीला केवळ पैशांची पावती आणि एक छापील अभिनंदनपत्र दिले होते. सही-शिक्क्यासह नोंद मिळवण्यासाठी पुष्कळ पाठपुरावा करावा लागला आणि दरम्यान तेथील सर्जन दुसरीकडे गेले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच आहे ना, हेही तेथेच पाहून घ्यावे.

वेळेचा हिशेबही आधी मांडावा. 12 महिने मोजायचे ते मेडिकलपर्यंत. लेखी परीक्षा, तिचा निकाल आणि एसएसबी यांत बराच काळ जातो, तेव्हा शस्त्रक्रिया झाल्यानंतर परीक्षा देण्यास हरकत नसते, फक्त मेडिकलची तारीख वर्षाच्या आत येऊ नये. आयएमएची वयोमर्यादा 24 आणि ओटीएची 25 असल्याने तुम्हाला 20 व्या वर्षी घाई करण्याचे कारण नाही.

विशेष मंडळाने अपात्र ठरवले तरी तेथेच सर्व संपत नाही. तात्पुरते अपात्र आणि कायमचे अपात्र असे दोन प्रकार असतात. तात्पुरते अपात्र ठरलेल्याला 42 दिवसांच्या आत अपील मंडळापुढे जाता येते. ते पुण्याच्या कमांड हॉस्पिटलसारख्या मोठ्या लष्करी रुग्णालयात होते. तेथेही तोच निर्णय आला तर पुनर्विचार मंडळासाठी अर्ज करता येतो, पण ते मंडळ नेमायचे की नाही हे वरिष्ठांच्या अखत्यारीत असते. कानातला मळ किंवा वजन या मुदतीत सुधारता येते, कॉर्निआची जाडी सुधारता येत नाही. म्हणून डोळ्यांच्या बाबतीत अपिलाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीपूर्वी पुरेसे दिवस आधी त्या बंद कराव्यात, नाहीतर कॉर्निआचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि मोजमापे चुकतात. मऊ लेन्ससाठी एक-दोन आठवडे, कडक लेन्ससाठी त्याहून अधिक. रात्री घालून झोपायच्या आणि सकाळी नंबर उतरल्याचा भास देणाऱ्या लेन्सचा प्रयोग करूच नये. नकाशात तो दिसतो.

एक आई (नाशिक)

या चर्चेत थोडा वेगळा प्रश्न विचारते, क्षमा असावी. माझी मुलगी अकरावीत आहे आणि मुलींना एनडीएचे (बारावीनंतरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे) दार उघडल्यापासून तिने खडकवासल्याचाच ध्यास घेतला आहे. तिचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे 2.25 असून दोन वर्षांपूर्वी तो दीड होता. हा वेग पाहता बारावी होईपर्यंत तो मर्यादेबाहेर जाईल अशी भीती वाटते. तिच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार करता येईल का? नातेवाइकांकडून नेत्रव्यायाम, बदाम-बडीशेप आणि नंबर उतरवणाऱ्या आयुर्वेदिक थेंबांच्या सूचना रोज येत आहेत.

नेत्रचिकित्सक (मिरज)

ताई, क्षमा कसली, हा याच विषयाचा भाग आहे. एनडीएच्या भूदल प्रवेशासाठी चष्म्याविना 6/36 आणि उणे नंबर सिलिंडरसह 2.50 पर्यंत अशी मर्यादा आहे, म्हणजे पदवी प्रवेशापेक्षा एका नंबराने कमी. याचे कारण वयात आहे: सतराव्या वर्षी डोळा अजून लांबत असतो, तेव्हा आज 2.50 असलेल्या कॅडेटचा नंबर प्रशिक्षण संपेपर्यंत वाढणार हे गृहीत धरावे लागते. शस्त्रक्रियेचे उत्तर वयाच्या आकड्यांतच दडलेले आहे. एनडीएला प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि शस्त्रक्रिया मान्य होते ती वीस ओलांडल्यावर. तेव्हा लेझर करून एनडीएत जाणे शक्यच नाही. शिवाय वाढत्या नंबरावर लेझर करणे हे नियम नसता तरी वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे ठरले असते.

नंबर वाढण्याचा वेग कमी करणे एवढेच हाती आहे. लहान मुलांत कमी मात्रेच्या ॲट्रोपिन थेंबांचा उपयोग होतो, हे सिंगापूर आणि हाँगकाँग येथील अभ्यासांतून दिसले आहे, आणि उघड्या हवेत अधिक वेळ घालवणेही चांगले; सतराव्या वर्षी किती फरक पडेल हे तिचे डॉक्टर तपासून ठरवतील. थेंब घालून खरा नंबर मात्र अवश्य काढून घ्यावा, कारण तो 2.00 निघाला तर तुमची निम्मी चिंता तेथेच संपते. बदाम-बडीशेप खाण्यास हरकत नाही, त्याने डोळ्याची लांबी कमी होत नाही. नंबर उतरवणारे थेंब मात्र डोळ्यात घालू देऊ नयेत; त्यात स्टिरॉइड असेल तर काचबिंदूपर्यंत मजल जाते, आणि अशा बाटल्यांवर घटक नीट लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहेत. एनडीए हुकलीच तर पदवीनंतर ओटीएला 3.50 ची मर्यादा तिलाही लागू होईल.

निवृत्त सुभेदार (सातारा)

अधिकारी प्रवेशाची चर्चा चालू आहे, परंतु आमच्या भागातून अधिकारी होण्यास जाणाऱ्या एका मुलामागे भरतीला उभी राहणारी शंभर मुले असतात आणि त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

अग्निवीराचे वय 2022 च्या मूळ नियमाप्रमाणे साडेसतरा ते 21. आता वरचा हिशेब येथे लावून पाहावा: शस्त्रक्रिया वीस ओलांडल्यावर आणि पुढे वर्षभर थांबायचे, म्हणजे दार उघडेपर्यंत वय जवळपास संपलेले असते. विमानदलाच्या अग्निवीरवायू भरतीच्या मी वाचलेल्या जाहिरातींत तर कॉर्निआवरील शस्त्रक्रिया स्वीकारली जाणार नाही, असे स्वच्छ छापलेले होते. तरीही अठरा-एकोणीस वर्षांची मुले घरची म्हैस विकून, नाहीतर सोसायटीचे कर्ज काढून, लेझर करून येतात, कारण कोणीतरी अकादमीत सांगितलेले असते की चष्मा दिसला की मैदानातूनच हाकलतात. मुलगा धावण्यात पहिला येतो, पुल-अप्स पूर्ण काढतो आणि डोळ्यांच्या खोलीतून रडत बाहेर येतो, हे मी निवृत्तीनंतर मार्गदर्शन करताना पाहिले आहे. त्या पोरांना शस्त्रक्रियेपूर्वी एखाद्याने जाहिरातीचे शेवटचे पान मोठ्याने वाचून दाखवले असते तरी पुष्कळ झाले असते.

दुसरी गोष्ट रंगांची. लाल आणि हिरवा रंग ओळखण्यात गडबड असेल तर ती जन्मजात असते, मुलग्यांत अधिक आढळते आणि तिच्यावर लेझर, चष्मा किंवा थेंब यांपैकी काहीही चालत नाही. इशिहाराच्या ठिपक्यांचे पुस्तक जिल्हा रुग्णालयातही असते. आठवी-नववीतच एकदा दाखवून घ्यावे. ठिपक्यांतील आकडे पाठ करून जाणारे बहाद्दरही पाहिले आहेत, पण तपासणारा पाने उलटसुलट दाखवतो आणि दिव्यांची वेगळी चाचणीही असते. रंगदृष्टीचे दर्जे शाखेप्रमाणे बदलतात. शिपाई म्हणून चालणारा दर्जा वैमानिकाला चालत नाही, तेव्हा दोष सौम्य असल्यास कोणती शाखा उरते हे पाहून तयारीची दिशा ठरवावी.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन थेंब घालून तपासणी करून घेतली. उजवा डोळा उणे 2.50 आणि डावा उणे 2.75, सिलिंडर उणे 0.50 असा नंबर निघाला, म्हणजे डाव्याची बेरीज 3.25 होते. जाडीही मोजून घेतली; उजव्याची 491 आणि डाव्याची 487 मायक्रॉन आहे. सर्जनने स्वतः आकडेमोड करून सांगितले की लेझर केल्यास डाव्या डोळ्यात 445 च्या आसपास उरेल. शस्त्रक्रियेचा विचार सोडला आहे आणि वडिलांना ते पैसे आता मोटरपंपासाठी हवे आहेत.

एक नवीन शंका मात्र उभी राहिली आहे. बाहुली मोठी करून पडदा तपासताना उजव्या डोळ्यात कडेला लॅटिसचा (पडद्याचा विरळ झालेला भाग) एक लहान पट्टा आढळला. त्याची लांबी घड्याळाच्या एका तासापेक्षा कमी असून भोक नाही, असे लिहून दिले आहे. त्यावर आताच लेझर करून घ्यावे का, आणि तसे केल्यास मेडिकलमध्ये त्याचा अर्थ शस्त्रक्रिया असा घेतला जाईल का?

नेत्रचिकित्सक (मिरज)

नाही, ही दोन लेझर अगदी वेगळी आहेत. पडद्यावरील लेझर कमकुवत जागेभोवती बांध घालते. त्याचा नंबराशी आणि कॉर्निआशी संबंध नाही, त्यामुळे वर चर्चिलेल्या वयाच्या आणि 12 महिन्यांच्या अटी त्याला लागत नाहीत. लॅटिससाठी निकषांत स्वतंत्र परिच्छेद आहे. परिघाला समांतर असा एकच पट्टा, भोक नसलेला आणि घड्याळाच्या दोन तासांपेक्षा लहान असेल तर उमेदवार पात्र धरला जातो. दोन पट्टे असतील तर प्रत्येक एका तासापेक्षा लहान असावा लागतो. याउलट मध्यापासून बाहेर जाणारे त्रिज्येसारखे पट्टे, डोळ्याच्या मध्यवर्तुळाच्या मागे असलेले पट्टे आणि लेझर न केलेल्या भोकासह असलेले पट्टे अपात्र ठरवतात. तुम्ही वर्णन केलेला पट्टा पहिल्या प्रकारात बसतो, म्हणून आज काही करण्याची आवश्यकता मला दिसत नाही. पडद्याचा नकाशा काढून घेऊन तो जपून ठेवावा आणि सहा महिन्यांनी, तसेच एसएसबीचे बोलावणे आल्यावर पुन्हा एकदा, बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यावा. दरम्यान डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारख्या रेघा चमकल्या किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर परीक्षा दुसऱ्या दिवशी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

चष्म्याची नवीन जोडी या थेंबांनंतरच्या नंबराप्रमाणेच करून घ्यावी, मात्र थेंबांचा परिणाम पूर्ण ओसरल्यावर पुन्हा एकदा वाचून पाहून मगच. जुना चष्मा तुम्हाला पाव नंबर अधिक देत होता, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस दूरचे किंचित मंद वाटेल. ते स्थिरावल्यावर दोन्ही डोळ्यांनी स्वतंत्रपणे 6/6 येते की नाही हे तक्त्यावर तपासावे, कारण मेडिकलमध्ये एकेक डोळा झाकूनच वाचायला लावतात.

कृष्णाकाठ (सांगली)

नोंद घेतली आहे. पडद्याचा नकाशा उद्याच मागून घेतो.